हन्नाताईंचा चेहरा आणि प्रभुदासचा सिनेमा

प्रभुदास भिंगारदिवे नागापूरच्या एका कारखान्यात लेथ चालवायचा आणि सुट्टी झाली की नाटकं बसवायचा. सुरुवात चर्चमधल्या नाताळच्या नाटुकल्यापासून झाली, ती थेट राज्य नाट्य स्पर्धेपर्यंत पोचली. वीस वर्षांत चौदा नाटकं केली. त्यातल्या अकरांत मुख्य भूमिका हन्नाताई साळव्यांची. ताई पेशाने नर्स. पण स्टेजवर बोलू लागल्या की शेवटच्या रांगेतल्यालाही वाटे, बाई आपल्याशीच बोलतेय.

मग त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, पण आवाज गेला. उरली नुसती कुजबुज. स्पर्धा दीड महिन्यावर आलेली. प्रभुदासने भूमिका दुसरीला दिली, आणि तोंडावर सांगायचा धीर होईना म्हणून मेसेज टाकला. उत्तर आलं नाही. नाटकाला दुसरं बक्षीस मिळालं, पण त्याला ते गोड लागेना.

शेवटी एका रविवारी चर्च सुटल्यावर तो त्यांच्यापुढे उभा राहिला. "ताई, चुकलं माझं."

त्या काय म्हणतात ते ऐकायला त्याला वाकावं लागलं. "आवाज गेलाय माझा, प्रभू. कान हायेत की अजून. येऊन सांगायचंस."

तो ओशाळला. आणि त्याच वेळी, इतक्या जवळून, त्याला त्यांचा चेहरा दिसला. वीस वर्षं तो हा चेहरा लांबून, खुर्च्यांच्या रांगेतून बघत आला होता. घरी पोचेपर्यंत त्याच्या डोक्यात सिनेमा शिरला होता.

गोष्ट साधी होती. नेवाशाची एक बाई रुसलेल्या बहिणीला भेटायला बेलापूरला जाते. ती बाई म्हणजे हन्नाताई. कॅमेरा लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या गोरक्षचा. शूटिंगच्या पहिल्या दिवशी प्रभुदास सवयीने ओरडत राहिला, "हात वर घ्या, अजून वर!"

गोरक्ष म्हणाला, "दादा, इथं पापणी हलली तरी दिसतंय."

तेव्हापासून प्रभुदास गप्प बसायला शिकला. शेवटच्या प्रसंगात माफी मागायची चार वाक्यं त्याने लिहिली होती. ताईंनी एकही म्हटलं नाही. बहिणीशेजारी ओट्यावर बसल्या आणि तिच्या सुपातल्या शेंगा सोलू लागल्या. प्रभुदास कट म्हणायचंच विसरला.

दोन महोत्सवांनी सिनेमा नाकारला. तिसऱ्याने, पुण्यातल्या एका छोट्या महोत्सवाने, सकाळी नऊला दाखवला. तीसेक माणसं होती. ताई अंधारात स्वतःकडे टक लावून बघत होत्या.

"कसा वाटला?" त्याने विचारलं.

"म्हातारी दिसते रे मी," त्या कुजबुजल्या. "पुढचा कधी करायचा?"