शेवट सांगायचा नाही

कल्याणहून निघताना माझ्याकडे सामान फारसं नव्हतं. दोन साड्या, धाकट्या बहिणीसाठी सुके बोंबील आणि डोक्यावर एक न्यायनिवाडा. सुनंदाचा फोन आदल्या दिवशी नाशिकहून आला होता.

"ताई, तू ये आणि काय तो निकाल लाव. मी ह्यांच्याशी आठवडाभर बोललेली नाही."

"अगं, पण झालं काय?"

"पिक्चर," असं म्हणून तिने फोन ठेवला.

कोणता, हे विचारायची गरज नव्हती. राणी, सात तट, बोलणारे गरुड आणि धुक्यातून चालून येणारं सैन्य अशी ती तीन जाडजूड भागांची कादंबरी. तिच्यावरचा सिनेमा लागला होता आणि जो तो त्यावरून भांडत होता. सुनंदा आणि दिलीपराव, म्हणजे तिचे यजमान, यांनी ती कादंबरी मिळून वाचली होती. दिलीपराव अंबडच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर आहेत. रात्रपाळी करून आले की खुर्चीत पाय पसरून बसायचे आणि सुनंदा मोठ्याने वाचायची. ते झोपले की ती पान दुमडायची आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू करायची. तिन्ही भाग असेच संपवले त्यांनी. आणि आता हा गृहस्थ पहिल्याच दिवशी कारखान्यातल्या मंडळींबरोबर जाऊन सिनेमा बघून आला होता.

न्यायाधीश मीच का? तर आमच्या घरात सगळ्यात जास्त पुस्तकं माझ्याकडे आहेत म्हणून. त्या पुस्तकांत ही कादंबरी नाही, आणि सिनेमाही मी पाहिलेला नाही, हे मी कुणाला सांगत बसले नाही. वाटेत चौकशी करत जाऊ, असा सोयीस्कर विचार केला.

गाडी कसाऱ्याचा घाट चढू लागली तेव्हा खिडकीबाहेर सगळं हिरवंगार होतं आणि मधूनच धुकं डब्यात शिरत होतं. समोर इगतपुरीचे एक निवृत्त मास्तर आणि त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. मी सहज विषय काढला.

"पुस्तकात घोडे काळे आहेत, बाई!" मास्तर एकदम तापले. "पडद्यावर तपकिरी! काळे घोडे मिळत नाहीत का यांना?"

"घोड्यांचं काय घेऊन बसलात?" त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "ती राणी पैठणी नेसून लढाईला जाते. तिला सांगणारं कुणी घरात नव्हतं का?"

"आणि शेवट?" मी मुद्द्याला हात घातला.

इतका वेळ एकमेकांचं न पटणाऱ्या त्या नवराबायकोचं इथे मात्र एकमत झालं. "शेवट नाही सांगायचा. स्वतः बघा," मास्तर म्हणाले. मग त्यांनी नाक वर करून दोनदा वास घेतला आणि माझी बोंबलांची पिशवी हळूच पायाने माझ्याकडे सरकवली. इगतपुरीला दोघं मुसळधार पावसात उतरले. छत्री एकच होती आणि तिच्याखालीही घोड्यांचाच विषय चालू होता.

नाशिकरोडला मी शेअर रिक्षा धरली. रिक्षावाला बोलका निघाला. "लय भारी हाय, मावशी! गरुडांची झुंड येते ना, पब्लिक शिट्ट्या मारते नुसती."

माझ्या शेजारी कॉलेजातली मुलगी होती. "ग्राफिक्स बकवास आहेत, दादा. गरुड कसले, कोंबड्या वाटतात."

"कोंबडी बोलती का, ताई?"

"गरुड तरी बोलतो का?"

हा वाद असा रंगला की माझा थांबा कधी मागे पडला ते रिक्षावाल्याला कळलं नाही आणि मलाही नाही. उलट चालत यावं लागलं, तेही शेवट न कळता. तो सांगायला ती दोघंही तयार नव्हती.

घरी पोचले तर दार सुनंदाने उघडलं आणि चहा लगेच आला. "ताई, ह्यांना सांग, चहा झालाय." दिलीपराव तिच्यापासून दोन हातांवर बसले होते. ते म्हणाले, "ताई, हिला सांगा, साखर कमी आहे." मी दोन्ही निरोप पोचवले.

मग फिर्याद सुरू झाली. दिलीपरावांचं म्हणणं, सिनेमा पुस्तकापेक्षा सरस आहे. "पुस्तकात राणी शेवटचं दार आतून लावून घेते आणि मरते. सिनेमात ऐन वेळी पांढरा गरुड येतो, राणीला पाठीवर घेतो आणि उडतो. सगळं थिएटर रडलं, ताई."

"ती मरते म्हणून तर शहर वाचतं!" सुनंदा माझ्याकडे बघून ओरडली. "गरुडच यायचा होता तर आधीच नव्हता का येता आला?"

हा मुद्दा मला बिनतोड वाटला, पण न्यायाधीशाने चेहऱ्यावर काही दाखवायचं नसतं. मी बोंबील द्यायच्या निमित्ताने तिच्यामागे स्वयंपाकघरात गेले. तिथे तिचा आवाज एकदम बदलला. "राणीचं राहू दे गं. माझ्याशिवाय शेवट बघून आले ते. मी त्यांच्याशिवाय कधी एक पानसुद्धा पुढे वाचलं नाही. आता पुन्हा काही वाचून दाखवणार नाही मी त्यांना." तिने डोळे पुसले. तोवर मला सगळी गंमतच वाटत होती, पण आता हसू मावळलं. ती खुर्ची आणि ती दुमडलेली पानं म्हणजे या दोघांचा संसार होता.

रविवारी सकाळी नाशिकमध्ये मिसळ खायला बाहेर पडतातच, घरात कितीही अबोला असला तरी. सुनंदा आली नाही. मी आणि दिलीपराव गेलो, तर तिथे पगार आडनावाचे त्यांचे लेथवरचे जोडीदार भेटले. ते मूळचे सटाण्याकडचे. पुढ्यात मटकीची मिसळ, पापड, दही आणि वाटीत लालभडक रस्सा. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. दिलीपराव माझ्यासाठी दही वाढवून आणायला उठले, तशी पगारांनी खुर्ची जवळ ओढली.

"ताई, खरं काय शे ते सांगू का? आम्ही रात्रपाळीवरून सरळ थेटरात गेलो. इंटरवल झाला आणि दिलीपभाऊ जे झोपले ते लाइट लागल्यावरच उठले. लय घोरत व्हते. मला म्हणे, शेवटी काय झालं? मी म्हटलं, गरुड आला, राणीला घेऊन उडाला. गंमत केली हो. मला काय माहीत, हा माणूस घरी जाऊन त्याच्यावरून भांडेल!"

"म्हणजे गरुड येत नाही?"

पगारांनी तोंडावर हात ठेवला. "शेवट नाय सांगणार."

आता माझी पंचाईत झाली. हे सुनंदाला सांगावं तर दिलीपरावांची शोभा. न सांगावं तर अबोला कायम. घरी येऊन मी निकाल दिला, "उद्या तिघांनी सिनेमाला जायचं. पडदा बघितल्याशिवाय न्याय होणार नाही."

"मी पाहिलाय की," दिलीपराव घाईने म्हणाले.

"साक्षीदार हजर पाहिजे," मी म्हणाले. सुनंदा नाही नाही म्हणत होती, पण निकाल लावायला तिनेच मला बोलावलं होतं.

सोमवारी दिलीपराव रात्रपाळीवरून आले, आंघोळ केली आणि आम्ही दुपारच्या खेळाला गेलो. मी दोघांच्या मध्ये बसणार होते, पण मुद्दाम कडेची खुर्ची धरली. घोडे तपकिरी होते. पैठणीही होती. मध्यंतरात सुनंदाने समोसे माझ्या हातात दिले, त्यांतला एक मी तिच्यासमोरूनच दिलीपरावांकडे सरकवला.

मध्यंतरानंतर थोड्याच वेळात दिलीपरावांच्या घोरण्याचा आवाज सुरू झाला. सुनंदाने मान वळवून बघितलं. पडद्यावर राणी शेवटच्या दाराशी आली. तिने आतून अडसर घातला. गरुड आला नाही. पुस्तकात होतं तसंच सगळं घडलं. सुनंदा हुंदके देत रडत होती आणि तेवढ्यात दिलीपरावांची मान कलंडून तिच्या खांद्यावर आली.

तिने ती मान तशीच राहू दिली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ताई, तेव्हाही असेच झोपले होते ना?"

मी होकारार्थी मान डोलावली.

तिने पदर तोंडाला लावला. रडता रडता ती हसत होती. "म्हणजे माझ्याशिवाय शेवट बघितलाच नाही त्यांनी." दिवे लागले, लोक पायांवरून उड्या मारत बाहेर गेले, पण तिने खांदा हलवला नाही. शेवटी झाडूवाल्याने खुर्ची ठोठावली तेव्हा दिलीपराव दचकून उठले.

"संपला? मग? वाचली ना राणी?"

मी निकाल द्यायला घसा साफ केला, पण सुनंदा आधी बोलली. आठवड्यात पहिल्यांदा, थेट त्यांच्याशी.

"वाचली. गरुड आला होता. तुमचंच बरोबर."

"मी म्हणतच होतो!" ते मला म्हणाले. "ऐकलंत ना, ताई?"

परतीच्या गाडीत समोरच्या बाईंनी विचारलं, सिनेमा कसा आहे? मी म्हटलं, घोडे तपकिरीच बरे दिसतात. शेवट मात्र सांगितला नाही. इतक्या लोकांची मतं ऐकून निघाले होते, पण त्यातलं एकही मला त्या खांद्याइतकं पटलं नव्हतं. इगतपुरीच्या धुक्यात सुनंदाचा फोन आला.

"ताई, ह्यांना पुन्हा सिनेमाला जायचंय. गरुडाचा सीन नीट बघायचा राहिला म्हणे."

"अगं बाई! आता काय करणार?"

"नेईन की," ती म्हणाली. "रात्रपाळीवरून आले की लगेच."