कोऱ्या पानावरचं मत
आज फाटकी पोथी चिकटवायला खळ शिजवली आणि त्या वासानं वडनेरचं वाचनालय आठवलं. ते आमचे यजमान घराच्या ओट्यावरच सांभाळत. पाच वीरांच्या चित्रकथांचे सुटे अंक त्यांनी घरीच खळ लावून एकत्र बांधले होते. त्या वीरांतला कोणी उडे, कोणी डोंगर उचले. मागच्या कोऱ्या पानावर वाचक आपलं मत लिहीत. सगळ्यांना डोंगरवालाच आवडे. एका दुपारी कामं उरकून मी गुपचूप पेन्सिलीनं लिहिलं, ‘यांना भाकर कोण करून देते?’ दुसऱ्या दिवशी ओट्यावर ते वाचून माणसं हसली. एकानं विचारलं, “हे बाईनं लिहेल दिसते. तुमच्या घरचीनं तर नाई?” यजमान म्हणाले, “चौथीनंतर तिनं पेन्सिल कुठं धरली?” मी आत चुलीपाशी होते. बाहेर जाऊन सांगावंसं वाटलं, पण तव्यावरची भाकर करपली असती. यजमान जाऊनही वर्षं झाली. आता सांगायचाही शीण येतो.