मोरघारीची वळलेली मान

माघातील पहिला रविवार, दुसरा रविवार आणि तिसरा. जबाबदार: आमच्या छायाचित्रण मंडळाचे अध्यक्ष, दोन्ही परीक्षक आणि कड्यावर आलेले सर्व सदस्य. पहिले दोन रविवार मी गप्प बसलो, म्हणून माझेही नाव त्यात लिहावे.

कड्यावरच्या घरट्यात मोरघार, म्हणजे एक देखणा गरुड, पंख अर्धवट पसरून बसली होती. त्या सावलीत तिचे पिल्लू होते. मात्र बसलेल्या पक्ष्याला आमच्याकडे बक्षीस मिळत नाही.

"उडवा की हो तिला, उजेड चाललाय!" कुणीतरी म्हणाले. त्या दोन्ही रविवारी टाळ्या वाजल्या, दगड भिरकावला गेला आणि ती उडाली. ती परत येईतो पिल्लू उन्हात चोच वासून पडले होते.

तिसऱ्या रविवारी मी कॅमेऱ्यांसमोर छत्री उघडून उभा राहिलो.

"काका, सरका! फोटोतलं कळतं का काही?"

"कायद्यातलं कळतं. घरट्याला उपद्रव देणं हीसुद्धा शिकारच. सरकणार नाही."

आकाश कुणाच्या सोयीने भरत नाही. तासन्‌तास मान वर करून बसावे, आणि पक्ष्याला वाटले तरच त्याने पंख उघडावेत, एवढ्यासाठीच मी हा छंद धरला होता.

दुसऱ्या रविवारच्या छायाचित्राला पहिले बक्षीस मिळाले. त्यात उडताना तिची मान मागे वळलेली आहे. परीक्षकांनी त्याला 'डौल' म्हटले. त्यांनी येत्या सभेत, सर्वांसमक्ष उत्तर द्यावे: त्या क्षणी ती कुणाकडे पाहत होती?