दादाच्या गाडीवर आईची बोली

ऐंशीच्या दशकातला मे महिना, रत्नागिरीतलं एक उघडं मैदान, सकाळचे दहा... आणि मी तिसऱ्यांदा पाणी प्यायला उठले होते. मी मुळातच घाबरट. त्या दिवशी तर जास्तच, कारण आमच्या दादाची गाडी लिलावात उभी होती.

कोल्हापूरचा एक लिलाववाला वर्षातून एकदा यायचा आणि जुने ट्रक, जीपगाड्या विकून जायचा. त्या खटाऱ्यांच्या रांगेत आमची फिकट निळी, मागे लांबलचक जर्मन स्टेशन वॅगन... चुकून पंगतीत बसलेल्या परदेशी पाहुणीसारखी दिसत होती.

मूळची ती गावातल्या एका डॉक्टरांची. ते गेल्यावर शेडमध्ये गंजत पडली होती, त्यांच्या मुलाने दादाला जवळजवळ फुकटच दिली. दादा बंदरावर ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करायचा. तीन वर्षं त्याने संध्याकाळी दुसरं काही केलं नाही. खाऱ्या हवेने खाल्लेला पत्रा कापून नवा जोडला, होड्या बांधणाऱ्या सुताराकडून मागच्या फळ्या बसवून घेतल्या, दिव्यांच्या काचांसाठी मुंबईला चोरबाजारात दोन खेपा मारल्या.

आई तिला "तुझी जर्मनीण" म्हणायची. या जर्मनिणीपायी तिला अंगणात सुकट वाळत घालता येत नव्हती ना!

पण माझी धाकधूक वेगळीच होती. दादाला दुबईत नोकरी मिळत होती आणि एजंटचे पैसे आठवड्यात भरायचे होते. दादाने ठरवलं होतं, गाडीचे तीस हजार आले तर दुबई... नाही आले तर दुबईचं नाव काढायचं नाही, इथेच गॅरेज टाकायचं.

तीस ही त्याने लिलाववाल्याला लिहून दिलेली हातची किंमत. बोली त्याच्या आत थांबली तर गाडी मालकाकडे परत. फॉर्म मीच भरला होता म्हणून मला माहीत, घरी मी बोलले नव्हते. आईला एवढंच ठाऊक होतं की गाडी विकली की दादा जाणार.

बाबा गेल्यापासून घरात आम्ही तिघंच. आता देवाकडे मी मागू तरी काय? विकली जाऊ दे म्हणावं तर दादा जाणार, नको म्हणावं तर त्याची तीन वर्षांची मेहनत मातीत... शेवटी नुसतंच "देवा, देवा" करत बसले.

आधी गाडी सुरू करून दाखवायची होती. पहिल्यांदा खाकरली. दुसऱ्यांदा तेही नाही. तिसऱ्यांदा लागली एकदाची, तोवर दादाच्या शर्टाची पाठ भिजून गेली होती.

बोली दहा हजारांपासून सुरू झाली आणि भराभर चढली. वीसनंतर दोघेच उरले, आणि चोवीसला पांढऱ्या सफारीतल्या एका गृहस्थांची बोली येऊन थांबली. पुढे कुणी बोलेना.

"चोवीस हजार, एक वार... चोवीस हजार, दोन वार..."

खोटं कशाला बोलू, मला आतून हायसं वाटलं. दादाकडे बघायची मात्र हिंमत होईना.

"पंचवीस!"

मागून आवाज आला. बंदरावरचा आवाज... मी वळून बघायच्या आधीच ओळखला. आई! रिकामी पाटी कमरेवर, लुगड्याला मासळीचा वास, आणि माणसं बाजूला सरून तिला वाट देतायत. आई रोज पहाटे बंदरावर लिलावात मासळी घ्यायची आणि बाजारात विकायची. बोली लावणं तिला काही नवीन नव्हतं.

"मावशी, मासळी न्हवं ही," लिलाववाला हसला. "गाडी हाय."

"डोळं हायत मला. पंचवीस लिव."

सगळं मैदान हसलं. सफारीवाले काही हसले नाहीत. त्यांनी सव्वीस म्हटलं, आईने सत्तावीस. त्यांनी अठ्ठावीस, आईने एकोणतीस... ही तिसाच्या वर गेली आणि बोली हिच्यावरच थांबली तर पैसे आणायचे कुठून? दादा गाडीच्या दाराला धरून नुसता उभा होता.

सफारीवाल्यांनी तीस म्हटलं. आईने तोंड उघडलं, हातातल्या बांगड्यांवरून एकदा बोटं फिरवली... आणि तोंड मिटलं.

तीन वार झाले. गाडी गेली.

दादाने येऊन तिला मिठीच मारली. "आये, काय भाव चढवलास गो! आणि थांबलीस पण बरोबर तिसाला!" आई पदराने तोंड पुसत हसली. पंधरा दिवसांनी दादा दुबईला गेला, तो अकरा वर्षं तिकडेच राहिला. घर झालं, माझं लग्न झालं, सगळं त्याच्या जिवावर. आईने भाव कसा चढवला हा किस्सा आमच्याकडे प्रत्येक लग्नकार्यात निघतो.

आई आता नव्वदीला टेकलीय. परवा बांगड्या सैल झाल्या म्हणून मी त्यांना दोरा गुंडाळत होते, तर सहज म्हणाली, "तवा ह्या बांगड्या नि बोरमाळ मोडून एकोणतीसपर्यंतच जमत व्हतं गो. म्हणून गप बसले."

मी म्हटलं, "म्हणजे तू खरंच घेत होतीस?"

"मग काय खेळत व्हते? बंदरावर तीन वार झालं की माल गेला. गाडी गेली असती तर माझा पोर पण जानार व्हता ना!"

बंदरावर मासळी कधी परत घरी जात नाही, मिळेल त्या भावाला जातेच. हातची किंमत हा प्रकार आईला माहीतच नव्हता. चोवीसला ती नुसती गप्प उभी राहिली असती, तर गाडी आपोआप घरी आली असती... आणि दादाही.

दादा हे वाचेल, वाचू दे. आई फेसबुकवर नाही. तिला आजही वाटतं की पोराला थांबवताना ती एका हजाराने कमी पडली... आणि मी तिला तसंच वाटू दिलंय.