मामाजींची सुयांची कार्डं

‘गुण आला नाही’ या तीन शब्दांचा इतका मान राखणारा माणूस मी उभ्या वऱ्हाडात दुसरा पाहिला नाही. कोणत्या औषधाने कोण बरा झाला, हे ऐकायची हौस सगळ्यांना असते; माझ्या मामाजींना कोण बरा झाला नाही ते आधी हवे असे. अकोल्याला माझ्या लग्नाच्या पंगतीत त्यांनी माझ्या सासऱ्यांना, “कंबर दुखते न तुमची? डाव्या बाजूनं का उजव्या? काय काय करून थांबली नाई?” असे विचारले आणि वरणभात निवेपर्यंत उत्तरे लिहून घेतली. सासरे पुढे कित्येक महिने त्यांना डॉक्टर समजत. मामाजी अमरावतीच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात कारकून होते.

सुरुवात मामींच्या दुखण्यापासून झाली. त्यांच्या उजव्या गालात वीज चमकावी तशी कळ यायची. घास चावता येईना, वारा सोसेना. तीन दात काढून झाले, तरी कळ जागच्या जागी. साठ सालानंतर केव्हातरी चीनकडची सुईविद्या शिकलेले एक डॉक्टर गावात आले. त्यांनी केसासारख्या बारीक सुया मामींच्या हाताला आणि गालाला टोचल्या. आठवड्याभरात मामी ज्वारीची भाकरी चावून खाऊ लागल्या. दुसऱ्या कोणी पेढे वाटले असते. मामाजी म्हणाले, “डॉक्टरसाहेब, ह्या सुयांनी कोनाले गुण येत नाई, थे कुठी लिहून हाये?”

“लिहिलंय बरंच,” डॉक्टर हसले, “पण जगभर विखुरलंय. एका जागी कुठेच नाही.”

“मंग मी करतो एका जागी.”

आणि खरोखरच लागले. देशोदेशींच्या ग्रंथालयांना पत्रे गेली, सुयांवरचे लेख पाकिटांतून येऊ लागले. फ्रेंच लेखांसाठी ते शब्दकोश घेऊन फ्रेंच शिकले. त्यांच्या तोंडून ती भाषा ऐकताना चांदूर बाजारात बैलाचा सौदा चालल्याचा भास होई. चिनी येत नव्हते, म्हणून तसल्या कार्डावर ‘मूळ वाचले नाही, सारांशावरून’ असे लाल शाईने लिहीत. चीनशी लढाई जुंपली तेव्हा पोस्टमनने दबक्या आवाजात विचारले, “काकाजी, हे काय करून राहिले तुमी?” मामाजींनी त्याला आत बसवून त्याच्या गुडघ्याची हकीकत लिहून घेतली.

एका लेखाला एक जाड कार्ड, आणि एक मामींच्या दुखण्याचेही. कार्डाच्या चारी कडांना भोके. प्रत्येक भोकाला एक अर्थ: हे डोकेदुखीचे, हे गालाच्या कळेचे, हे गुण आल्याचे, हे न आल्याचे, हे काही काळच टिकल्याचे. जो अर्थ लागू असेल त्या भोकाची कड कात्रीने कापायची. मग मामींची स्वेटर विणायची सुई गठ्ठ्यातल्या त्या भोकात घालून गठ्ठा उचलून हलवला, की कापलेली कार्डे आपोआप खाली पडत. बुटांची खोकी या कार्डांनी भरली आणि मामींच्या डाळी-तांदळाचे डबे फळीवरून जमिनीवर आले. विणायचा स्वेटर एका बाहीवर थांबला तो थांबलाच.

चार वर्षांनी हिवाळ्यात मामींची कळ परतली. सुया पुन्हा टोचल्या, पण या खेपेला उपयोग झाला नाही. नेमके तेव्हाच डॉक्टर नागपूरच्या एका सभेत या कार्डांच्या आधारे बोलणार होते. मी त्या दिवशी मामाजींकडेच होतो. डॉक्टर त्यांना म्हणाले, “वहिनींचं कार्ड गुणाच्या गठ्ठ्यातच राहू द्या. विद्या नवी आहे, लोक आधीच हसतात.”

त्या डॉक्टरांनी आपल्या बायकोला चार वर्षे जेवू घातले होते, हे मामाजी विसरणारे नव्हते. हातातली कात्री त्यांनी दोनदा खाली ठेवली. तेवढ्यात मामी पदराने गाल दाबून दारात आल्या आणि म्हणाल्या, “दुखनं माहं हाये. कापा थे भोक.”

मामाजींनी काही काळच टिकल्याचे भोक कापले. डॉक्टर नागपूरला गेले नाहीत आणि पुढे कधी या घरीही आले नाहीत. मामाजी बरेच दिवस गल्लीच्या तोंडाकडे बघत बसत.

वर्षभराने बार्शीटाकळीहून एक बाई आली. तिलाही तीच कळ होती, आणि बोलताना ती ओठ हलवत नव्हती. मामाजींनी गठ्ठा हलवला, पडलेली कार्डे चष्मा पुसून पुसून वाचली. त्यातले एक मामींचे होते. “बाई, खोटं नाई सांगत,” ते म्हणाले, “काहीले गुण येते, काहीले येत नाई. आला तरी जन्मभर टिकंल असं नाई.”

“किती दिस टिकंल?”

“हिले चार वर्षं टिकला.”

बाईने मामींकडे पाहिले. मामींनी मान हलवली. त्या दोघी ओळखीच्याही नव्हत्या. पण बाईने मामींचा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. मग हळूच म्हणाली, “चार वर्षांत माह्या पोरीचं लगन होऊन जाईन.”

मामाजींनी डॉक्टरांच्या नावाची चिठ्ठी लिहून तिच्या हातात दिली. ती फाटकाबाहेर जाईपर्यंत ते उभेच होते. “डॉक्टर चांगला माणूस हाये रे,” ते मला म्हणाले आणि सांडलेली कार्डे एकेक करून उचलू लागले.