शांतता समितीतले चाचा

गणपतीआधी कल्याणच्या पोलीस स्टेशनात शांतता समितीची बैठक असते. आमच्या मंडळाकडून मी जाते, मशिदीकडून एक चाचा येतात. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. चहा बशीत ओतून, मान खाली घालून ते सगळ्यांचं ऐकतात. शेवटी उठून, हात जोडून एवढंच म्हणतात, "आमच्याकडून काही होणार नाही."

यंदा टाळ्या थांबायच्या आत ते व्हरांड्यात गेलेले. दुकान लवकर बंद करा, नातवंडांना आत घ्या, असं फोनवर घरी सांगत होते.

"चाचा, आत्ताच तर सगळं गोडीत ठरलं ना?"

"ताई, मीटिंग लावली म्हणजे पोलिसांना पण भीती वाटतेय."

मी हसण्यावारी नेलं. मग रिक्षात बसून मुलीला फोन लावला, "क्लास सुटला की सरळ घरी ये." रिक्षावाला कोण, कुठला, माहीत नव्हतं, म्हणून आवाज खाली घेतला.