उरलेली माहिती सोमवारी

विशाखा सोयगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतली शिक्षिका. रजा काढून औरंगाबादेत, मुकुंदवाडीला खोली घेऊन ती पीएच.डी. करत होती. टँकर येतो त्या दिवशी मुली शाळेत का नसतात, हा तिचा विषय. दिवाळीपर्यंत प्रबंध द्यायचा होता आणि त्याआधी एखाद्या संशोधनपत्रिकेत शोधनिबंध छापून यायलाच हवा होता. नाही आला तर नोंदणी रद्द आणि इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात.

"पत्रिका कसल्या पारखत बसता, बाई?" तिचे मार्गदर्शक श्रीरंग सर म्हणाले. "आठवड्यात छापून देणारे पुष्कळ आहेत." पी हळद आणि हो गोरी! मुदतीच्या धाकानं विशाखानं तशाच एका पत्रिकेला निबंध पाठवून दिला.

लगोलग उत्तर आलं. दोन तज्ज्ञांनी बारकाईनं वाचून निबंध उत्कृष्ट ठरवला होता. विशाखा हरखली. कौतुकानं आपलाच निबंध पुन्हा वाचायला बसली आणि शेवटच्या ओळीवर थबकली: 'उरलेली माहिती सोमवारी कळवते.' केंद्रप्रमुखांना घाईत अहवाल धाडताना झेडपीचे सगळे गुरुजी शेवटी हेच लिहितात, आणि सोमवारी कुणी काही विचारत नाही. हाताची ती सवय इथंही उमटली होती. आणि दोन-दोन तज्ज्ञांना ती ओळ दिसली नव्हती!

तिला हसू आलं नाही. त्या निबंधात अंबिका होती. विशाखाच्या वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी, हंडा घेऊन टँकरमागं धावणारी, आणि एका उन्हाळ्यात शाळेतून नाहीशी झालेली. तिच्याबद्दल कुणी एक ओळही वाचली नव्हती. विशाखाला संताप आला, आणि स्वतःची लाजही वाटली. तिनं निबंध परत मागवला.

मग ती ग्रंथालयात बसून पत्रिकांचे जुने अंक चाळू लागली. संपादक खरंच कुठं शिकवतात का, लेखकांनी परीक्षकांच्या सूचनांचा उल्लेख केलाय का, हे पाहू लागली. एक पत्रिका मनाला पटली. पण तिथले संपादक फोनवर स्पष्टच म्हणाले, "दिवाळीच्या आत जमणार नाही."

"हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागताय," सर चिडले. विशाखानं निबंध तिथंच पाठवला. दिवाळी गेली, नोंदणीही गेली. रजा अजून उरली होती, म्हणून खोली तेवढी राहिली.

उन्हाळ्यात परीक्षकांचं उत्तर आलं. स्तुती कुठंच नव्हती, नुसत्या शंका. त्यातली शेवटची: 'या विद्यार्थिनीचं पुढं काय झालं?' विशाखाला चारचौघांत रडू कोसळलं. कुणीतरी विचारलं होतं.

ती शाळेच्या गावी गेली. अंबिकाच्या घराला कुलूप होतं. शेजारच्या केसरबाई म्हणाल्या, "समदं घरच गेलं औरंगाबादला, बिल्डिंगच्या कामावर. मुकुंदवाडीकडंच हायती म्हणं."

मुकुंदवाडीत तर जिकडंतिकडं इमारती उठत होत्या. विशाखा प्रत्येक बांधकामावर विचारत फिरली. अंबिका सापडली ती विशाखाच्या खोलीमागच्याच गल्लीत. खाली टँकर उभा होता आणि अंबिका पाइप धरून नव्या स्लॅबवर पाणी मारत होती.

"शाळेचं काय गं?" विशाखानं विचारलं.

"आता कुठली शाळा, बाई." पाइप न सोडता ती हसली. "पर इथं पाणी लई हाय. दिसभर मारायचं."

संध्याकाळी विशाखानं परीक्षकांना उत्तर लिहिलं. अंबिकाचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं. शेवटी सवयीनं हात 'उरलेली माहिती' लिहायला गेला, तो तिनं आवरला. सोमवारी कळवण्यासारखं काही उरलं नव्हतं.